वजनाच्या तक्त्यात न दिसणारे मूल
भंडारदरा परिसरातून स्वमग्नतेच्या निदानापर्यंतची वाट

क्षेत्रफळाने अहिल्यानगर हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे आणि भंडारदरा त्याच्या अगदी पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्याला टेकून वसले आहे. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी खाली शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या उसाला पोचते. पाण्याची ही वाट सरळ उताराची आहे. शेंडी, रतनवाडी, घाटघर या गावांतल्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर वाट तीच, पण तितकी सोपी नाही. राजूर, अकोले, संगमनेर असे टप्पे घेत नगरपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. घोटीवरून नाशिक गाठायचे तर ते याच्या निम्म्याने भरते, पण जिल्हा बदलतो. नकाशाची ही गोष्ट आरंभीच सांगायचे कारण असे, की दोन-अडीच वर्षांचे मूल बोलत नसेल, हाक मारली तर वळत नसेल, तर त्याच्या आईबापांपुढचा पहिला प्रश्न ‘याला काय झाले आहे?’ हा असतो आणि लगेच येणारा दुसरा प्रश्न ‘दाखवायचे कुठे?’ हा असतो. या लेखात दोन्ही प्रश्नांचा विचार करायचा आहे.

स्वमग्नता म्हणजे काय, आणि काय नाही

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आणला, तो मात्र वेगळ्या संदर्भात. लहान मुलांच्या संदर्भात आजच्या अर्थाच्या जवळ जाणारे वर्णन १९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी केले. त्यांच्या निबंधात अकरा मुले होती, आठ मुलगे आणि तीन मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातल्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी मिळतेजुळते वर्णन प्रसिद्ध केले. नंतरची वीसेक वर्षे मोठी दुर्दैवी गेली. आईची माया कमी पडली म्हणून मूल असे झाले, असा समज तज्ज्ञांमध्येच पसरला. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, या समजाला पुस्तकरूपाने उत्तर दिले आणि ही मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे हे ठासून मांडले. आज त्याबद्दल शास्त्रात वाद उरलेला नाही. अंगणात मात्र तो अजून संपलेला नाही. ‘हिने मोबाईल दिला म्हणून’, ‘ही रानात गेली आणि पोर एकटे राहिले म्हणून’ अशी वाक्ये आजही आईच्याच पदरात पडतात.

मराठीत ‘स्वमग्नता’ किंवा ‘आत्ममग्नता’ असा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुंदर आहे, पण किंचित फसवा आहे. हे मूल स्वतःत रमलेले, सुखी, असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात पुष्कळ मुलांना माणसे हवी असतात. माणसांपर्यंत पोचण्याची जी वाट इतर मुलांना न शिकवता सापडते, ती त्यांना सापडत नाही. २०१३ साली आलेल्या ‘डीएसएम-५’ या निदान-संहितेने दोन गोष्टी एकत्र पाहायला सांगितल्या. पहिली, सामाजिक देवाणघेवाण आणि संवाद यांतली अडचण. दुसरी, त्याच त्या हालचाली, ठरावीक क्रमाचा आग्रह, एखाद्याच गोष्टीत अतोनात रस, किंवा आवाज, स्पर्श, चव यांना नेहमीपेक्षा फार तीव्र वा फार मंद प्रतिसाद. या दोन्ही बाबी लहानपणापासून असाव्या लागतात. त्यांपैकी एकच असेल, म्हणजे मूल फक्त उशिरा बोलत असेल, तर ती स्वमग्नता ठरत नाही.

गोवर-रुबेलाच्या लसीमुळे स्वमग्नता येते ही अफवा १९९८ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या बारा मुलांवरच्या एका निबंधातून निघाली. तो निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला. लस टाळल्याने स्वमग्नता टळत नाही. गोवर मात्र येऊ शकतो.

किती मुले?

भारतातले या बाबतीतले भरवशाचे आकडे थोडे आहेत. ‘इनक्लेन’ या संशोधन-जाळ्याने पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी केली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभरात एक असे आढळले. डोंगरी, ग्रामीण आणि शहरी असे निरनिराळे प्रदेश तिच्यात होते. त्यामुळे ‘हे शहरातल्या श्रीमंतांचे दुखणे’ हा समज टिकत नाही. शंभरात एक हे प्रमाण धरले, तर चार-पाच अंगणवाड्यांच्या परिसरात एखादे तरी असे मूल असण्याची शक्यता आहे. ते कुणाला दिसत नसेल, तर त्याचा अर्थ ते तिथे नाही असा होत नाही.

ते दिसत का नाही? अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्यांवर, अंगणवाडीची सारी शक्ती कुपोषणाशी झुंजण्यात जाते आणि ते योग्यच आहे. मुलाला काट्यावर ठेवायचे, उंची मोजायची, दंडाचा घेर पाहायचा, तक्त्यावर खूण करायची. पण स्वमग्न मुलाचे वजन बहुधा भरते. ते वेळेवर बसते, वेळेवर चालू लागते, अंगाने धडधाकट असते. तक्ता त्याला हिरव्या पट्ट्यात दाखवतो. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ असे आपण म्हणतो. या मुलाच्या बाबतीत पाय ठणठणीत असतात, पाहायची असते ती नजर आणि बोट.

नजर आणि बोट

साधारण नऊ महिन्यांपासून मूल एक विलक्षण गोष्ट करू लागते. वस्तू दिसली की ते वस्तूकडे पाहते, मग आईकडे पाहते, मग पुन्हा वस्तूकडे. ‘तूही पाहतेस ना?’ असे ते न बोलता विचारते. पुढे त्यात बोटाची भर पडते. भाकरी हवी म्हणून दाखवलेले बोट आणि झाडावरचे माकड तुलाही दिसावे म्हणून दाखवलेले बोट, यांत फरक आहे. पहिल्यात गरज असते, दुसऱ्यात सोबत असते. स्वमग्न मुलात हे दुसरे बोट उशिरा येते किंवा येतच नाही. त्याऐवजी मूल मोठ्या माणसाचा हात धरून, जणू ते एखादे अवजार असावे तसे, हव्या त्या वस्तूपर्यंत नेते.

आईबापांनी आणि अंगणवाडीताईंनी लक्षात ठेवाव्यात अशा खुणा पुढे दिल्या आहेत. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, टाटा करणे किंवा बोट दाखवणे नाही, नावाने हाक मारल्यावर वळणे नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही. चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. ऐकलेलेच पुन्हा म्हणणे यात धरायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे येत असलेले बोलणे किंवा हसणे-खेळणे कोणत्याही वयात मागे गेले. यांपैकी एखादी खूण दिसली म्हणजे स्वमग्नता आहे असे नाही. पण ‘पाहू सहा महिने’ म्हणायचे नाही, एवढे नक्की.

‘मुलगे उशिराच बोलतात, याचा मामाही असाच होता,’ असे घरातली आजी म्हणते. आजीचे म्हणणे प्रेमापोटी असते आणि कधी कधी खरेही ठरते. पण उशिरा बोलणारे इतर मूल शब्दांवाचूनही खूप काही सांगत असते. खुणा करते, रुसते, ओढत नेऊन दाखवते, दुसऱ्याचे तोंड वाचते. शब्द नाहीत आणि खुणाही नाहीत, हे दोन्ही एकदम दिसले तर मामाचे उदाहरण पुरत नाही.

तपासणी म्हणजे नेमके काय

स्वमग्नता रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. मेंदूचा फोटो काढूनही कळत नाही. फिट्स येत असतील तर मेंदूचा आलेख, चेहऱ्यात वा वाढीत वेगळेपण असेल तर जनुकीय तपासणी, असे डॉक्टर गरजेनुसार सांगतात. पण त्या तपासण्या सोबतच्या किंवा मुळाशी असलेल्या आजारासाठी असतात. निदान होते ते बोलण्यातून आणि पाहण्यातून. गरोदरपणापासूनचा इतिहास विचारला जातो, मुलाला खेळणी देऊन निरखले जाते आणि मग निकषांशी ताडून पाहिले जाते.

यात दोन पायऱ्या आहेत आणि त्यांची गल्लत पुष्कळदा होते. पहिली पायरी चाळणीची. ‘एम-चॅट’ ही वीस प्रश्नांची यादी सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरली जाते. तिच्यातून फक्त ‘पुढे दाखवा’ किंवा ‘तूर्त गरज नाही’ एवढेच कळते. दुसरी पायरी निदानाची. ते काम विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंद असलेला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांचे. भारतीय मुलांसाठी इनक्लेनने दोन ते नऊ वर्षांच्या वयोगटासाठी स्वतंत्र निदान-साधन तयार केले आहे. मुलाचा एकूण विकास मोजायला बडोद्यात प्रमिला फाटक यांच्या पुढाकाराने तयार झालेली विकासमापन श्रेणी आणि नागपूरच्या मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली सामाजिक परिपक्वता श्रेणी अजूनही वापरात आहेत.

या सर्वांच्या आधी एक तपासणी व्हायलाच हवी, ती म्हणजे कानांची. हाकेला न वळणारे मूल बहिरेही असू शकते. ‘डबा वाजवला की वळते’ एवढ्यावर कान चांगले आहेत असे ठरत नाही, कारण ठराविक पट्ट्यातलेच आवाज ऐकू न येणारी मुले असतात. दोन-अडीच वर्षांच्या मुलाची श्रवणतपासणी झोपेत, यंत्राने करता येते. बहिरेपणा, एकूण विकासातली मंदगती आणि केवळ भाषेतला उशीर या तीन गोष्टी स्वमग्नतेपासून वेगळ्या काढणे, आणि त्या सोबत आहेत का हे पाहणे, हेच तज्ज्ञाचे अर्धे काम.

डोंगरातल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. प्रश्नावलीतली उदाहरणे कापडी अस्वलाची आणि खेळाच्या मैदानातल्या घसरगुंडीची असतात. ‘बाहुलीला भरवतो का?’ असे विचारले तर ज्या घरात बाहुलीच नाही तिथली आई ‘नाही’ म्हणते, आणि मूल विनाकारण चाळणीत अडकते. तेच ‘रिकाम्या वाटीतून जेवल्याचे नाटक करतो का, काठीचा बैल करतो का, आई भाकरी थापते तसे मातीचे थापतो का?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळते. नजरेचेही तसेच. मोठ्यांच्या डोळ्यांत पाहू नये असे वळण असलेल्या घरातले मूल अनोळखी डॉक्टरसमोर खाली पाहणारच. प्रश्न आहे तो आईशी, भावंडांशी, गंमत वाटली त्या क्षणी नजर मिळते का, हा. विचारणाऱ्याने घरची बोली आणि घरचा खेळ ओळखावा. आणि विचारत नसेल तर सांगणाऱ्याने न लाजता स्वतः सांगावा.

जायचे कुठे

या वाटेवरचा पहिला थांबा गावातच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्याच पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर शोधणे हे त्याचे काम. त्यासाठी डॉक्टरांची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावीत अशी रचना आहे. या कार्यक्रमाच्या यादीत स्वमग्नतेचा समावेश आहे. पण दोनशे मुले एका दिवसात पाहणाऱ्या पथकाला शांत बसलेले, न रडणारे मूल वेगळे वाटेलच असे नाही. म्हणून पथक येईल त्या दिवशी पालकांनी किंवा सेविकेने स्वतःहून ‘या मुलाचे बोलणे आणि नजर पाहा’ असे म्हणावे, आणि लेखी संदर्भचिठ्ठी मागून घ्यावी. मुलाच्या बाबतीत तक्रार केल्यासारखे त्यात काही नाही.

ही चिठ्ठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी असते. बालरोगतज्ज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक हे सारे एका छताखाली असावेत अशी या केंद्राची कल्पना आहे. नगरला जाणे फार लांबचे वाटत असेल तर वाटेत लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. नाशिककडे जिल्हा रुग्णालय आहे आणि आडगावला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग असतात, म्हणून कोणाकडे जावे हे ठाऊक नसलेल्याला ती जागा बरी. मात्र निघण्यापूर्वी फोन करून कोणता बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी चालतो हे विचारून घ्यावे. एक चुकलेला वार म्हणजे दोन माणसांचा बुडालेला रोज आणि रात्रीच्या मुक्कामाचा खर्च.

भाताच्या आवणीचे दिवस, मग पाऊस संपल्यावर बागायती पट्ट्यात मजुरीला जाण्याचे दिवस, या दोहोंच्या मध्ये तपासणीला मिळणारा काळ थोडा असतो. त्यामुळे एका फेरीत जास्तीत जास्त काम व्हावे यासाठी तयारी करावी. माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माची कागदपत्रे आणि आधी कुठे दाखवले असेल तर त्या चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात. केव्हा बसला, केव्हा चालला, पहिला शब्द कोणता, तो टिकला की गेला, हे एका कागदावर लिहून न्यावे. मुलाबरोबर दिवसभर जी व्यक्ती असते, ती आजी असो वा मोठी बहीण, तिला शक्य तर बरोबर न्यावे. आणि मोबाईलमध्ये दोन-दोन मिनिटांची चार चित्रणे घ्यावीत: जेवताना, एकटे खेळताना, दुसऱ्या मुलाबरोबर, आणि मागून नावाने हाक मारल्यावर. दवाखान्यात बावरलेले मूल जे दाखवत नाही, ते अंगणातले दोन मिनिटांचे चित्रण दाखवते.

निदान वेगळे, प्रमाणपत्र वेगळे

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. प्रमाणपत्रासाठी भारतीय स्वमग्नता मापन श्रेणी वापरतात. तिच्यात सहा विभागांत मिळून चाळीस बाबी आहेत, प्रत्येकीला एक ते पाच गुण आहेत. एकूण गुण सत्तरच्या खाली असतील तर स्वमग्नता धरत नाहीत. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र.

इथे पालकांचा एक गोंधळ होतो. डॉक्टरने ‘स्वमग्नता आहे’ असे लिहिले म्हणजे प्रमाणपत्र मिळाले असे होत नाही. आणि प्रमाणपत्र नाही म्हणून उपचार थांबवायचे असेही नाही. प्रमाणपत्र सवलतींसाठी आहे: एसटीचा प्रवास, निराधार अनुदान, राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना, आणि सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क. बहुतेक लाभांसाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागते. सीमेवरच्या गावांना उपयोगाची एक गोष्ट २०१७ च्या नियमांत आहे. अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, तसाच ज्या शासकीय रुग्णालयात त्या दिव्यांगत्वाचे उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत तिथेही करता येतो.

निदानानंतर

निदान ऐकून आलेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात दोन प्रकारची माणसे भेटतात. ‘काही नाही, होईल नीट’ म्हणणारी, आणि ‘हमखास बरे करतो’ म्हणणारी. दुसरी अधिक महागात पडतात. मूलपेशींची इंजेक्शने देऊन स्वमग्नता जाते असा प्रचार होतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली हा उपचार स्वमग्नतेसाठी शिफारसयोग्य नाही असे सांगितले आहे. स्वमग्नता घालवणारे औषधही नाही. झोप, फिट्स, अतिचंचलता यांसाठी औषधे असतात, ती त्या त्या त्रासासाठी. नवस, भगत यांच्याकडे कुणी गेले तर त्यावर इथे टीका करायची नाही. मुलाच्या जिवाला अपाय होईल असे काही करू नये आणि तपासणीची तारीख चुकवू नये, एवढे सांभाळले तरी पुरे.

उपयोग होतो तो रोजच्या सहवासातल्या शिकवण्याचा. हे काम तज्ज्ञानेच केले पाहिजे का, हा प्रश्न आपल्यासारख्या मुलखासाठी कळीचा आहे. त्याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एकाच वेळी झाला. गोव्यातली ‘संगथ’ ही संस्था त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईबाप आणि मूल खेळतानाचे चित्रण केले, मग तेच चित्रण पालकांना दाखवत ‘इथे त्याने पाहिले, इथे तुम्ही थांबलात, म्हणून तो पुढे आला’ असे दाखवून दिले. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवरचा हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सगळ्याच बाबींत सुधारणा झाली असे नाही, आणि अभ्यास लहान होता. पण योग्य देखरेख असेल तर आशाताई किंवा अंगणवाडीताई या कामात मोठी भर घालू शकते, याला त्यातून बळ मिळते.

तत्त्व साधे आहे. मूल ज्याच्याकडे पाहते आहे त्याच्याकडे आपण पाहायचे. ते खडे रचत असेल तर शेजारी बसून आपणही एक खडा ठेवायचा आणि थांबायचे. लांब वाक्यांऐवजी ‘पाणी’, ‘दे’, ‘झालं’ असे एकेक शब्द, तेही घरच्या बोलीत. हवी ती वस्तू लगेच हातात न देता क्षणभर वाट पाहायची, म्हणजे मागण्याला जागा राहते. मोबाईलने स्वमग्नता येते असे सिद्ध झालेले नाही; पण तो हातात असताना ही देवाणघेवाण होत नाही, म्हणून तो दूर ठेवायचा. याला भाडे लागत नाही, आणि निदानाची तारीख तीन महिन्यांनंतरची असली तरी हे आजपासून सुरू करता येते. निदान चुकीचे ठरले तरी यातून मुलाचे नुकसान काहीच नाही.

धोरणाच्या पातळीवर फार मोठी मागणी करण्याचे कारण नाही. भंडारदऱ्याला विकासात्मक बालरोगतज्ज्ञ लगेच येणार नाही. पण महिन्यातून एकदा फिरते निदानपथक राजुरापर्यंत आले, तर चाळीस गावांचे दीडशे किलोमीटर वाचतील. त्याहून स्वस्त गोष्ट अंगणवाडीत होऊ शकते. वजनाच्या दिवशी मूल काट्यावरून खाली उतरले की दोनच प्रश्न विचारायचे: नावाने हाक मारली की वळतो का? काही दिसले की तुम्हाला बोटाने दाखवतो का? उत्तर वजनाच्या आकड्याशेजारी लिहायचे, आणि दोन महिने सलग ‘नाही’ आले तर तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता चिठ्ठी द्यायची.